राजे बदलले, जमीनदार तोच

१३४६ साली डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याने आपल्या राज्याचा एक तुकडा विकून टाकला. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा मुलूख म्हणजे आजच्या एस्टोनियाचा उत्तर भाग. घेणारी होती ट्यूटॉनिक ऑर्डर ही धर्मयुद्धासाठी उभी राहिलेली जर्मन सरदारांची लष्करी संघटना. सौदा ठरला १९,००० मार्क चांदीला. किल्ले, जंगले, शेते आणि त्या शेतांत राबणारी माणसे, सगळे त्या एका व्यवहारात हस्तांतरित झाले.

एस्टोनियाचा इतिहास बहुधा राज्यकर्त्यांच्या यादीने सांगितला जातो. आधी डेन आणि जर्मन, मग पोल आणि स्वीडिश, मग दोनशे वर्षे रशियाचे झार, मग सोव्हिएत, मध्ये तीन वर्षे हिटलरचे सैन्य, पुन्हा सोव्हिएत. यादी खरी आहे, पण ती वाचून त्या देशात काय घडले ते कळत नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. कोपनहेगनचा राजा गेला, स्टॉकहोमचा आला, तोही जाऊन सेंट पीटर्सबर्गचा आला, तरी शेतकऱ्याला वेठीला बोलावणारा गढीतला जर्मन जमीनदार जागचा हलला नाही. जवळजवळ सातशे वर्षे हलला नाही. या छोट्या देशाच्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे, असे मला वाटते.

सुरुवात तेराव्या शतकातली. लेम्बितु हा एस्टोनियन गावांना एकत्र आणू पाहणारा सरदार १२१७ साली जर्मन धर्मयोद्ध्यांशी लढताना पडला. दोन वर्षांनी डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार आरमार घेऊन आजच्या टालिनच्या किनाऱ्यावर उतरला. त्या लढाईत डेन्मार्कचा लाल-पांढरा ध्वज आकाशातून पडला, अशी आख्यायिका डेन्मार्कमध्ये आजही सांगतात. ध्वज डेन्मार्कचा असला तरी जमिनी मिळाल्या त्या मुख्यतः जर्मन सरदारांना, कारण राजाजवळ तिथे राहून बंदोबस्त ठेवणारी स्वतःची माणसे पुरेशी नव्हती. टालिन शहराचे व्यापारीही जर्मन. त्यांनी १२४८ साली ल्युबेक या जर्मन शहराचा कायदा आपल्या शहराला लावून घेतला. गावात जर्मन जमीनदार, शहरात जर्मन व्यापारी, चर्चमध्ये जर्मन पाद्री. फिन्निश भाषेशी नाते सांगणारी, जर्मनशी काहीच संबंध नसलेली भाषा बोलणारे एस्टोनियन सर्वांत खालच्या पायरीवर.

त्यांनी ते मुकाट्याने सोसले नाही. २३ एप्रिल १३४३ च्या रात्री, संत जॉर्जच्या सणाला, उत्तरेकडच्या हार्यू भागातले शेतकरी उठले. गढ्या जाळल्या, जमीनदार मारले आणि आपल्यातून चार राजे निवडले. ट्यूटॉनिक ऑर्डरने या चौघांना पाइदेच्या किल्ल्यात बोलणी करायला बोलावले आणि तिथेच कापून काढले. सारेमा बेटावर बंडाची धग पुढे दोन वर्षे राहिली. उठावाने हैराण झालेल्या आणि पैशाच्या चणचणीत असलेल्या डेन्मार्कच्या राजाने प्रांत विकायला काढला तो यानंतर. विक्रीनंतर शेतकऱ्याची वेठ वाढतच गेली आणि पुढच्या दीड-दोनशे वर्षांत तो जमिनीला बांधलेला भूदास झाला.

१५५८ मध्ये मॉस्कोचा झार इव्हान द टेरिबल चालून आला आणि या सरदारांची जुनी सत्ता कोसळली. त्या धामधुमीत दुसरी विक्री झाली. सारेमा बेट आणि पश्चिम किनाऱ्याच्या बिशपने १५५९ साली आपला मुलूख डेन्मार्कला विकला आणि तो निघून गेला. १५६१ मध्ये टालिन आणि उत्तरेकडच्या जमीनदारांनी आपले जुने हक्क कायम ठेवण्याच्या अटीवर स्वीडनशी निष्ठेची शपथ घेतली. दक्षिण भाग काही काळ पोलंडकडे गेला. १६२९ पर्यंत सगळी मुख्यभूमी स्वीडनची झाली, १६४५ मध्ये सारेमाही.

स्वीडिश अंमलावर थोडे थांबायला हवे. एस्टोनियन लोकस्मृतीत हा काळ 'जुना चांगला स्वीडिश काळ' म्हणून उरला आहे. परक्या राजवटीला असे प्रमाणपत्र लोक सहजी देत नाहीत. राजा गुस्ताव अडॉल्फ याने १६३२ मध्ये तार्तू येथे विद्यापीठ स्थापले. १६८४ मध्ये बेंग्त गोत्फ्रीद फोर्सेलियस या तरुण शिक्षकाने तार्तूजवळ शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अध्यापकशाळा काढली. आपली पद्धत किती कामाची आहे हे दाखवायला तो दोन शेतकरी मुले घेऊन स्टॉकहोमला गेला आणि राजा अकराव्या चार्ल्ससमोर त्यांना वाचायला लावले. १६८८ मध्ये स्वीडनहून परतताना त्याचे जहाज बुडाले आणि तो समुद्रात गेला. शाळा जेमतेम चार वर्षे चालली, पण तिच्यातून तयार झालेले एस्टोनियन शिक्षक गावोगाव पोहोचले होते. माझ्या मते सातशे वर्षांत बाहेरून आलेल्या कुणीही या लोकांना दिलेली ही सर्वांत मोठी देणगी.

अकराव्या चार्ल्सने आणखी एक काम केले. पूर्वीच्या राजांनी सरदारांना वाटलेल्या जमिनी १६८० नंतर त्याने सरकारजमा करायला घेतल्या. दक्षिणेकडच्या लिव्होनिया प्रांतात बहुतेक गढ्यांची मालकी राजाकडे आली. सरकारी जमिनीवरच्या शेतकऱ्याची वेठ नोंदवहीत बांधून दिली गेली आणि जमीनदाराविरुद्ध तक्रार करण्याची वाट त्याला मिळाली. जमीनदार खवळले. त्यांचा पुढारी योहान राइनहोल्ड फोन पाटकूल याला राजद्रोहाबद्दल मृत्युदंड ठोठावला गेला, पण तो निसटला आणि सॅक्सनी, डेन्मार्क, रशिया यांच्या दरबारांत फिरून स्वीडनविरुद्ध आघाडी बांधू लागला. १७०० साली पेटलेल्या उत्तरेकडच्या महायुद्धाची कारणे पुष्कळ होती. त्यातले एक, गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची या जमीनदारांची धडपड हे होते. पाटकूल अखेर स्वीडनच्या हाती सापडला आणि १७०७ मध्ये चाकावर हाल करून मारला गेला. ज्यासाठी तो झटला ते मात्र त्याच्या जातभाईंना मिळाले.

या युद्धाची किंमत शेतकऱ्याने मोजली. १६९५ ते ९७ च्या दुष्काळात साधारण पाचवा हिस्सा लोक आधीच मेले होते. रशियाचा झार पीटर याच्या फौजांनी मुलूख जाळत नेला. १७०८ मध्ये तार्तूच्या नागरिकांना रशियात हाकलून शहर सुरुंगांनी उडवले गेले. १७१० मध्ये प्लेग आला. टालिनमध्ये कसेबसे दोन हजार लोक जिवंत राहिले आणि सप्टेंबरात शहराने दरवाजे उघडले.

शरणागतीच्या कलमांत या देशाचे पुढचे पावणेदोनशे वर्षांचे भवितव्य लिहिले गेले. सरदार आणि शहरे पीटरला शरण गेली ती अटी घालून. लूथरपंथी चर्च तसेच राहील, कारभार जर्मन भाषेत चालेल, न्यायदान सरदारांच्या हाती राहील आणि स्वीडिश राजाने घेतलेल्या जमिनी परत मिळतील. पीटरने सगळे मान्य केले. त्याला बंदरे हवी होती, शिवाय कारभार आणि सैन्य चालवायला शिकलेली माणसे हवी होती, आणि हे सरदार दोन्ही पुरवणार होते. पुढे प्रत्येक नवा झार गादीवर बसला की या सनदेवर शिक्कामोर्तब करी. पहिल्यांदा नकार दिला तो १८८१ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या अलेक्झांडरने. लढाई जिंकली रशियाने, हरला स्वीडन, आणि फायदा झाला तो गढीतल्या जर्मनाचा. १७३९ मध्ये लिव्होनियाच्या सरदारांच्या वतीने फोन रोझेन याने सरकारला लेखी कळवले की शेतकरी आणि त्याच्याजवळ असलेले सर्व काही ही जमीनदाराची मालमत्ता आहे. त्याच वर्षी टालिनमध्ये एस्टोनियन भाषेतले संपूर्ण बायबल छापून झाले. एकाच वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवले की अठराव्या शतकातला एस्टोनिया समोर उभा राहतो.

भूदासपद्धत रद्द झाली ती उत्तरेत १८१६ साली आणि लिव्होनियात १८१९ साली. रशियाच्या मुख्य भागाच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी. ऐकायला हे मोठे वाटते, पण कायद्याने माणूस सुटला आणि जमीन पूर्णपणे जमीनदाराकडे राहिली. कालचा भूदास आज कूळ झाला आणि खंडाच्या बदल्यात तीच वेठ करू लागला. मुक्त माणसाला आडनाव हवे, म्हणून पुढच्या काळात घराघराला आडनावे दिली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी ती जमीनदार किंवा पाद्री ठरवी. कित्येक कुटुंबांच्या माथी जर्मन नावे आली. शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, लाखाहून अधिक एस्टोनियन लोकांनी ती बदलून आपल्या भाषेतली नावे घेतली.

जमिनीची भूक किती खोल होती ते १८४० च्या दशकात दिसले. झारचा धर्म घेतला तर झार जमीन देतो, अशी अफवा लिव्होनियात पसरली आणि साठ हजारांहून अधिक एस्टोनियन शेतकरी लूथरपंथ सोडून रशियन ऑर्थोडॉक्स झाले. जमीन मिळाली नाही. १८५८ मध्ये माहत्रा या गावी वेठीला नकार देणारे शेतकरी आणि सैनिक समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि नंतर कित्येकांना फटक्यांची शिक्षा झाली. वेठ कायद्याने बंद व्हायला १८६८ साल उजाडले. त्यानंतर हप्त्याहप्त्याने शेत विकत घेणारा एस्टोनियन शेतकरी दिसू लागला.

याच शेतकऱ्यांच्या मुलांनी एस्टोनियन राष्ट्र घडवले. १८५७ मध्ये योहान व्होल्देमार यानसेन याने पॅर्नू गावी एस्टोनियन भाषेतले साप्ताहिक सुरू केले. डॉक्टर क्रॉयत्सवाल्डने लोककथा-लोकगीतांतून 'कालेविपोएग' हे महाकाव्य रचले. १८६९ मध्ये तार्तूला पहिला गानमहोत्सव भरला. त्याला सरकारची परवानगी मिळाली ती लिव्होनियातल्या भूदासमुक्तीच्या पन्नास वर्षांचे निमित्त दाखवल्यामुळे. गाणारे सगळे पुरुष होते, आणि एस्टोनियन संगीतकाराची गाणी फक्त दोन. त्यांचे शब्द यानसेनच्या मुलीचे, लिदिया कोइदुलाचे. १८८८ मध्ये पाद्री याकोब हुर्त याने वर्तमानपत्रातून आवाहन केले की जुनी गाणी, म्हणी, कथा लिहून पाठवा. शेतकरी, शिक्षक, शिंपी यांनी पाठवलेल्या कागदांची पाने लाखावर गेली. १८९७ च्या जनगणनेत दहापैकी नऊहून अधिक एस्टोनियन प्रौढांना वाचता येत होते. रशियन साम्राज्याच्या बहुतेक प्रांतांच्या हे प्रमाण कितीतरी पुढे होते. त्याच सुमारास सरकार शाळांतून रशियन भाषा लादत होते, तार्तूचे नावही १८९३ मध्ये बदलून युर्येव केले होते, पण तोवर उशीर झाला होता. १९०५ च्या क्रांतीत शंभराहून अधिक गढ्या जळाल्या आणि मग सैनिकांच्या तुकड्या शेकडो लोकांना गोळ्या घालत फिरल्या.

स्वातंत्र्य आले ते दोन सैन्यांच्या मधल्या फटीतून. फेब्रुवारी १९१८ मध्ये बोल्शेविक टालिन सोडून पळत होते आणि जर्मन सैन्य जवळ येत होते. २३ फेब्रुवारीला पॅर्नूमध्ये नाट्यगृहाच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, २४ ला टालिनमध्ये प्रसिद्ध झाला, २५ ला जर्मन शहरात शिरले. जर्मन सरदारांना या भागाची कैसरच्या छत्राखाली एक डची करायची होती. नोव्हेंबरात जर्मनीच हरला. महिनाअखेर पूर्व सीमेवरच्या नार्व्हा शहरावर बोल्शेविकांची लाल सेना चालून आली, आणि योहान लायडोनर या सेनापतीने शाळकरी मुलांसकट उभ्या केलेल्या सैन्याने, फिन्निश स्वयंसेवक आणि ब्रिटिश आरमाराच्या मदतीने, तिला परत रेटले.

या युद्धातला विजयदिन एस्टोनिया २३ जूनला पाळतो. तो दिवस रशियावरच्या विजयाचा असावा असे कुणालाही वाटेल. १९१९ च्या त्या दिवशी एस्टोनियन आणि लाटवियन सैन्याने लाटवियातल्या सेसिस गावाजवळ हरवले ते बाल्टिक जर्मनांच्या लांडेसवेअर सेनेला आणि तिच्यासोबतच्या जर्मन पलटणींना, म्हणजे जमीनदारांच्या फौजेला. स्वतंत्र देशाने आपला सर्वांत मोठा विजय म्हणून हाच दिवस निवडला. लगेच १० ऑक्टोबर १९१९ ला जमीन कायदा मंजूर झाला. हजारावर गढ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, सैनिकांना आणि भूमिहीनांना वाटल्या, पन्नास हजारांहून अधिक नवी शेते उभी राहिली. अनेक गढ्यांत शाळा भरू लागल्या, काहींत आजही भरतात. त्याच जर्मनांना १९२५ च्या कायद्याने इतर अल्पसंख्याकांबरोबर आपल्या शाळा आणि संस्कृतीचा स्वायत्त कारभारही दिला. जमीन काढून घेतली, पण माणसांना देशात सन्मानाने राहू दिले. विसाव्या शतकाच्या युरोपात असे क्वचित घडले. १९३४ मध्ये सरकारप्रमुख कॉन्स्टांटिन पॅट्सने लोकशाही गुंडाळून सत्ता हाती घेतली, हा मात्र या स्वराज्यावरचा डाग आहे.

२ फेब्रुवारी १९२० च्या तार्तू करारात सोव्हिएत रशियाने या भूमीवरचे सर्व हक्क स्वेच्छेने आणि कायमचे सोडले. ते वचन वीस वर्षे टिकले. २३ ऑगस्ट १९३९ च्या मोलोतोव-रिबेनट्रॉप कराराच्या गुप्त पुरवणीत एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला गेला. हिटलरने बाल्टिक जर्मनांना माघारी बोलावले आणि सातशे वर्षे इथे राहिलेला समाज काही महिन्यांत जहाजांतून निघून गेला. १७ जून १९४० ला लाल सेनेने देश ताब्यात घेतला, एकाच यादीची निवडणूक झाली आणि ६ ऑगस्टला एस्टोनिया सोव्हिएत संघात विलीन केला गेला. पॅट्स आणि लायडोनर यांना रशियात नेले. दोघेही तिथेच बंदिवासात मेले.

१४ जून १९४१ च्या रात्री सुमारे दहा हजार लोकांना घरांतून उचलून मालगाड्यांत घातले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला लेन्नार्त मेरी त्यांत होता, बारा वर्षांचा. काही आठवड्यांत जर्मन सैन्य आले आणि काहींनी त्याचे सुटका करणारे म्हणून स्वागत केले. त्या सैन्याने आणि त्याच्या स्थानिक साथीदारांनी देशात उरलेल्या सुमारे हजार ज्यूंना मारले, बाहेरून आणलेल्या हजारोंना छावण्यांत राबवून मारले, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये पळण्यापूर्वी क्लोगाच्या छावणीत सुमारे दोन हजार कैद्यांची कत्तल केली. एस्टोनियाच्या दुःखाची कथा सांगताना हे पान वगळणे अन्यायाचे होईल. लाल सेना परत येणार हे दिसताच सत्तर हजारांच्या आसपास लोक होड्यांतून स्वीडनला आणि जर्मनीला पळाले.

इथे माझी किल्ली वेगळ्या कुलपाला लागते. आता गढी नव्हती, जमीनदार नव्हता. सरकार स्वतःच जमिनीचे मालक झाले. मार्च १९४९ च्या सुरुवातीला दहा टक्केही शेतकरी सामुदायिक शेतीत गेले नव्हते. २५ मार्चला पुन्हा गाड्या लागल्या आणि काही दिवसांत वीस हजारांहून अधिक लोक सैबेरियाला धाडले गेले. त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे. एप्रिलमध्ये साठ टक्क्यांहून अधिक शेते सामुदायिक झाली. १९१९ मध्ये मिळालेली जमीन तीस वर्षांत गेली.

पुढच्या चाळीस वर्षांत कारखान्यांसाठी रशियन भाषक कामगार मोठ्या संख्येने आणले गेले. १९३४ मध्ये लोकसंख्येत ८८ टक्के असलेले एस्टोनियन १९८९ मध्ये ६२ टक्क्यांच्या आत आले. १९८८ च्या उन्हाळ्यात टालिनच्या गानमैदानावर रात्र रात्र लोक गात राहिले. २३ ऑगस्ट १९८९ ला, त्या गुप्त कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, टालिनपासून विल्नियसपर्यंत तीन बाल्टिक देशांच्या लाखो माणसांनी हात धरून साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ ला, मॉस्कोत बंड चालू असताना, संसदेने स्वातंत्र्य पुनःस्थापित केल्याचे जाहीर केले. शेवटचे रशियन सैन्य ३१ ऑगस्ट १९९४ ला गेले.

पुनःस्थापित हा शब्द कायद्याच्या दृष्टीने नेमका होता. १९४० ते १९९१ हा काळ बेकायदा ताब्याचा, जुने प्रजासत्ताक कधी संपलेच नाही, अशी भूमिका देशाने घेतली. याची कडू बाजू अशी की १९४० नंतर आलेल्या रशियन भाषकांना आणि इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. १९९२ मध्ये रहिवाशांपैकी साधारण एक तृतीयांश लोक कोणत्याच देशाचे निश्चित नागरिक नव्हते. मला हे सलते. ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःच्या देशात हक्क नव्हता, त्याने ही वाट अधिक रुंद ठेवायला हवी होती.

जमिनीचा निवाडाही याच भूमिकेतून झाला. १३ जून १९९१ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेच्याही आधी, मालमत्ता परत करण्याचे तत्त्व ठरले. १६ जून १९४० ला जो मालक होता त्याला किंवा त्याच्या वारसांना ती मिळायची होती. तारीख १९४० ची धरल्यामुळे गढीच्या जमिनीतून तोडून दिलेली शेते ज्यांना मिळाली होती, त्यांच्याच नातवंडांकडे त्यांचा हक्क आला. १९१९ मध्ये गेलेल्या गढ्यांच्या जमिनींवर जमीनदारांच्या वारसांना कसलाही दावा उरला नाही.